उखळातलं कापड

खालच्या अपार्टमेंटमधून धपधप आवाज यायला लागला, तेव्हा सुरुवातीला मी कळ काढली. ॲन आर्बरला फेब्रुवारीत माणूस आधीच वैतागलेला असतो. बाहेर बर्फ, पार्किंगमध्ये मिठाचा चिखल आणि घरात मी एकटी. नवरा विद्यापीठात संशोधनाला, लेक शाळेत. मला काम करायची परवानगी नव्हती. माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसामागून आलेला, वरातीमागून घोडं तसा. त्यात दुपारी जरा डोळा लागावा तर जमिनीखालून धप, धप, धप. राग तसाही माझ्या नाकावर असतो. सपाता सरकवल्या आणि गेले खाली भांडायला.

दार उघडलं ते माझ्याच वयाच्या एका बाईनं. लाँड्री रूममध्ये आमची तोंडओळख होती. ती नर्सिंग होममध्ये कामाला जायची, निळ्या युनिफॉर्ममध्ये दिसायची. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या खांद्यावरून मला आतलं दिसलं. कार्पेटवर एक म्हातारी बाई पाय पसरून बसलेली, समोर लाकडी उखळ, हातात मुसळ. अगं बाई! मी मनात म्हटलं, ही अमेरिकेत येऊन तिखट कांडते की काय? ठसका लागेल म्हणून नाकाला ओढणी लावली आणि उखळात डोकावले. आत मिरच्या नव्हत्या. कापड होतं.

“कापड कांडतात का कुठं?” मी मराठीतच बोलून गेले.

दारातल्या बाईला शब्द कळले नाहीत, पण भाव कळला असावा. ती घाईघाईनं म्हणाली, “सॉरी, माझी आई आहे. मी सांगते तिला, यापुढं नाही करणार.” तोवर मी उखळापाशी उकिडवी बसलेही होते. भांडायला गेलेली बाई उकिडवी बसली की भांडण संपलंच म्हणायचं.

ते कापड मी हातात घेतलं. पोत्यासारखं जाडंभरडं, रंगानं वाळल्या गवतासारखं, पाटावर अंथरता येईल एवढंच. म्हातारीच्या लेकीनं समजावून सांगितलं. त्या दोघी काँगोतल्या, कुबा लोकांपैकी. त्यांच्याकडं राफिया नावाचं ताडाचं झाड असतं. त्याच्या पानाची साल सोलून, विंचरून धागा काढतात. पान जेवढं लांब तेवढाच धागा, म्हणून कापडाचे तुकडेही लहानच निघतात. विणायचं काम पुरुषांचं, त्यावर भरतकाम करायचं बायकांचं. विणलेला तुकडा कडक असतो, तो कांडून मऊ करायचा. कांडताना कधी भोक पडतं, मग त्यावर ठिगळ लावायचं, आणि ठिगळाचीच नक्षी करायची. असे पुष्कळ तुकडे जोडले की कमरेला गुंडाळायचं लांबलचक नेसणं तयार होतं.

“आणि हे नेसून जायचं कुठं?” मी विचारलं.

लेकीनं आईकडं एकदा पाहिलं. मग म्हणाली, “पुरताना नेसवतात. ती म्हणते, हे अंगावर नसलं तर तिकडची माझी माणसं मला ओळखणार नाहीत. म्हणतील, ही कोण नागवी बाई आली?”

हे नेसणं एकटीचं नसतं, असंही ती म्हणाली. आईकडच्या कुळातल्या बहिणी, मावश्या, भाच्या एकेक तुकडा भरतात, मग सगळ्यांचं मिळून एक होतं. मी म्हटलं, “अगं, हे तर आमचं माहेरचं लुगडं!” आमच्याकडं बाई गेली की शेवटचं लुगडं माहेराहून येतं. नवऱ्याच्या घरी कपाटभर साड्या असोत, ते एक मात्र माहेरचंच लागतं. मी हे मोडक्या इंग्लिशमध्ये सांगायला लागले, पण लेक दमलेली होती. ड्युटीवरून आलेली. ती म्हणाली, “इथं कोण घालतं हे? माझी इथली चर्चची माणसं बघतील. मी तिला छान पांढरा ड्रेस घेणार आहे.” म्हातारीला इंग्लिश येत नव्हतं, पण आवाज कळत होता. तिनं उखळातलं कापड काढून मांडीखाली घेतलं आणि आमच्याकडं पाठ केली.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. शिकायला येते म्हणाले. लेकीला वाटलं मला कलेची आवड आहे. कसली आवड न् कसलं काय! खरं सांगू का, मला कुणीतरी जमिनीवर पाय पसरून बसलेलं हवं होतं. इथं सगळे सोफ्यावर. माणसाच्या गुडघ्याशी गुडघा लावून बसणं म्हणजे काय, ते मी विसरत चालले होते. वर्ध्याला दुपारी आई आणि शेजारणी अंगणात गोधडीभोवती बसायच्या, चार बाजूंनी चौघी, आणि मधे गावभरच्या चुगल्या. त्या आवाजात मी झोपायची. इथं मला झोपवायला फक्त हीटरची घरघर.

मी म्हातारीला मावशी म्हणायला लागले. त्या मला मामा म्हणायच्या. त्यांच्याकडं म्हणे कुठल्याही बाईला मानानं तसंच म्हणतात. माझी लेक एकदा सोबत आली होती, ती हसून हसून लोळली. “आई, शी थिंक्स यू आर हर ब्रदर!”

आमच्या दोघींत भाषा अशी नव्हतीच. मावशी टाका दाखवायच्या, मी घालायची, मावशी हातावर चापट मारायच्या, मी उसवायची. सुईनं राफियाचा धागा विणीतल्या एकाच उभ्या धाग्याखालून ओढायचा, आणि दोन्ही टोकं छोट्या सुरीनं कापडालगत कापायची. गाठ नाही, काही नाही. वीण घट्ट असते म्हणून ते तुकडे धरून राहतात. असे हजारो बुचके झाले की वर मखमल तयार होते. लाल रंग एका झाडाच्या लाकडाचा, शिवाय काळा आणि धाग्याचा मूळचा पिवळसर. मी गोधडी शिवलेली बाई, धावदोरा डोळे मिटून घालीन. पण गाठ न मारता धागा सोडून द्यायला माझा हातच धजेना. मी चोरून गाठी मारायची. मावशी बोट फिरवून बरोबर गाठ शोधायच्या आणि “च्च” करायच्या. तो “च्च” अगदी माझ्या आईचा.

एवढं झाल्यावर त्यांनी मला एक अख्खा तुकडा दिला. हा तू भर, अशी खूण केली. मी हरखून गेले. घरी आणला, डायनिंग टेबलवर पसरला, आणि विचार केला, नक्षी चुकायला नको. त्यांच्याकडं कागदावर काढून घ्यायची पद्धत नव्हती. मावशी कुठूनही सुरू करायच्या, चौकोनातून चौकोन निघायचा, मधेच नक्षी वळण बदलायची, कडेला येऊन भलतीच व्हायची. मला ते जरा गबाळंच वाटायचं. आपण मराठी बायका, आपल्याला ठिपके लागतात. तेव्हा मी काय केलं, पट्टी घेतली, बॉलपेन घेतलं आणि कापडभर रांगोळीचे ठिपके काढले. सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. इतके छान आले की मी त्याचा फोटो काढून इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला. एका काकूंनी लगेच लिहिलं, “वॉव! दिवाळीला एक्झिबिशनमध्ये ठेवू या.”

मावशींनी ते कापड पाहिलं. आधी त्यांना कळेना. त्यांनी एका ठिपक्यावर नख घासलं, थुंकी लावून घासलं. ठिपका जाईना. मग त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्या कापडाला देवीचा रोग लावून आणला होता. त्या जोरजोरात बोलायला लागल्या, मला एक अक्षर कळेना, आणि लेक आतून धावत आली. कापड बघून ती हसायलाच लागली. “आई विचारते, तू आधी तुरुंग का बांधलास? आता नक्षी चालणार कुठून?”

मला राग आला. मी म्हटलं, “सांग तुझ्या आईला, आमच्याकडं यालाच शिस्त म्हणतात!” लेकीनं ते भाषांतर केलं की नाही, देव जाणे. मावशी मात्र थोड्या वेळानं शांत झाल्या. त्यांनी दुसऱ्या एका तुकड्यातनं वेडीवाकडी ठिगळं कापली आणि माझ्या ठिपक्यांवर ठेवून बघू लागल्या. भोक पडल्यावर ठिगळ लावतात तसं. मग मला जवळ ओढून बसवलं, एक ठिगळ त्यांनी शिवलं, एक मी. सगळे ठिपके काही झाकले गेले नाहीत. मधूनमधून निळी टिंबं दिसत राहिली आणि मावशींनी ती तशीच राहू दिली.

उन्हाळा त्यातच गेला. मुलं बाहेर सायकली फिरवायची, आणि आम्ही पडदा ओढून टाके घालायचो. मावशींची नजर मात्र झपाट्यानं उतरत होती. सुईत धागा मी ओवून द्यायची. त्यांना घाई झालेली दिसत होती. जोडलेले तुकडे त्या जमिनीवर पसरायच्या, हातानं चाचपत टोकापर्यंत जायच्या, आणि जिथं तुकडे संपायचे तिथं हात टेकून बसून राहायच्या. अजून पुरे नव्हतं. गावी असत्या तर पंचवीस हात लागले असते. इथं त्या, आणि त्यांनी मामा म्हणावं अशी एकटी मी. लेकीला हे काम येतच नव्हतं. ती लहानपणीच शहरातल्या शाळेत गेलेली. मी एकदा तिला स्पष्ट विचारलं, “तू का नाही बसत?” तिनंही स्पष्ट सांगितलं, “मी बसले तर ती संपवेल. संपवलं की जाईल.”

मी पुढचा धागा ओवायला घेतला.

पानगळ सुरू झाली आणि मावशी आजारी पडल्या. हॉस्पिटल झालं, मग डॉक्टरांनी घरी पाठवलं, आता आराम करू द्या म्हणाले. खाट हॉलमध्ये, खिडकीशी लावली. आणि त्या आठवड्यात लेक पहिल्यांदा माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसली. म्हणाली, “दाखव.” आता उलटी गंगा! मी वर्ध्याची बाई, एका कुबा बाईला कुबा टाका शिकवत होते. ती चुकली की मी “च्च” करायची, आणि खाटेवरून मावशीही “च्च” करायच्या. त्या हसायच्या तेव्हा खोकला यायचा.

शेवटचा तुकडा भरून झाला तेव्हा मावशींना शुद्ध कमी होती. लेकीनं तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी मखमलीवरून अंगठा उलटसुलट फिरवला, काहीतरी पुटपुटल्या. मी विचारलं, काय म्हणाल्या? लेक म्हणाली, “मऊ आहे म्हणते.” दोन दिवसांनी सकाळी त्या गेल्या. तो तुकडा बाकीच्यांना जोडायचा राहिला होता.

मावशींच्या लेकीचा फोन आला तेव्हा मी पोहे परतत होते. गॅस बंद करून खाली गेले. फ्यूनरल होमची माणसं मावशींना घेऊन गेली होती. लेक किचनच्या टेबलाशी बसलेली, समोर ते नेसणं घडी घालून ठेवलेलं, आणि खुर्चीवर हँगरला एक कोरा पांढरा ड्रेस.

“हे काय?” मी विचारलं.

“हे मी ठेवणार आहे,” ती म्हणाली. तिनं नेसण्यावर दोन्ही हात ठेवले होते. “तिच्या हाताचं माझ्याकडं दुसरं काहीही नाही. फोटोसुद्धा धड नाहीत. हे मी जमिनीत घालू? या थंडगार जमिनीत? कुजून जायला?”

माझा तोल गेला. मी म्हटलं, “तुझं आहे का ते? तुझं नाहीच. इतके महिने ती बाई डोळे फोडून बसली ती काय तुझ्या भिंतीवर टांगायला? तिला नागवी पाठवतेस तू!” आणखीही बोलले. दुःखाच्या घरी जाऊन असं बोलू नये हे मला कळतं, पण जीभ थांबली नाही.

तिनं मला बोलू दिलं. मग शांतपणे विचारलं, “तुझ्या आईचं असतं तर तू दिलं असतंस?”

मी बसले. खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, “नसतं दिलं. छातीशी धरून बसले असते.”

आणि मग मी तिला सांगितलं, जे मी इथं कुणालाच सांगितलं नव्हतं. माझी आई गेली तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकलेला होता. जाणं झालं नाही. भावानं व्हिडिओ कॉल लावला, पण फोन त्याच्या हातात एका जागी राहीना. मला पंखा दिसला, भिंत दिसली, लोकांचे पाय दिसले. आई दिसली नाही. नंतर मी वहिनीला विचारलं, आईला शेवटचं लुगडं कुठलं नेसवलं? कुणाकडून आलं? आईच्या माहेरी तर कुणी उरलं नव्हतं. वहिनी म्हणाली, “असेल गं कुठलंतरी. त्या गडबडीत कोण बघतं?” तिचंही खरं. पण तेव्हापासून आई मला आठवते ती नेहमी चेहऱ्याचीच आठवते. मानेखाली सगळं रिकामं. मी कधी तिला हिरवं नेसवून बघते, कधी तिचं ते जुनं इरकल. काहीच बसत नाही.

“तुला निदान दिसेल,” मी म्हटलं. “डोळे मिटलेस की दिसेल, आपली आई कशात गेली. ठेवायचं तर ते ठेव. मला तेवढंही नाही गं.”

बाहेर कुणीतरी गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दव खरवडत होतं. मग तिनं घडी उलगडली, तो सुटा तुकडा जागेवर लावला आणि हात पुढं केला.

“सुई ओवून दे,” म्हणाली.

दोघींनी दोन बाजूंनी शिवत आणलं. मधे एकदा तिनं कॉफी केली, ती तशीच गार झाली.

नेसवायला बाईमाणूस लागतं, आणि तिच्याकडं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो घाबरला. “तू? डेड बॉडीला नेसवायला? अगं, ते लोक करतात ना.” मी म्हटलं, “ते लोक करतात, पण मी जातेय. भात लावून ठेव.”

फ्यूनरल होममधला माणूस भला होता. त्यानं आम्हाला खोली दाखवली, काही लागलं तर हाक मारा म्हणाला आणि दार लावून गेला. मावशी एवढ्याशा दिसत होत्या. मला वाटलं होतं, मी घाबरेन. पण लांब कापड हातात आलं की आपल्या हातांना आपोआप कळतं. मी मावशींना कुशीवर धरलं, लेकीनं कापड खालून सरकवलं, मी ओढून घेतलं. पुन्हा एक वेढा, पुन्हा एक. कमरेशी घड्या घातल्या, वरून पट्टा बांधला. काठ सरळ केला. मी मनातल्या मनात मावशींशी बोलत होते, जरा वळा, झालंच आता, टोचतंय का? आईशी बोलायचे होते ते सगळे शब्द तिथं खर्ची पडत होते आणि मी ते पडू देत होते.

झालं असं मला वाटलं. मी मागं सरले. पण लेक तिथंच वाकून उभी राहिली. म्हणाली, “एक राहिलं. तिला सांगायला हवं, कुणी काय भरलंय ते. तिकडं तिच्या बहिणी एकेक टाका बघणार. तुझे टाके बघून विचारतील, ही कुठल्या कुळातली?”

तिनं एकेका तुकड्यावर हात ठेवत त्यांच्या भाषेत बोलायला सुरुवात केली. मधे स्वतःचं नाव आलं, ते मला कळलं. मग माझ्या तुकड्यावर हात ठेवून ती थांबली आणि माझ्याकडं वळली. “आमच्यात बाईची ओळख तिच्या आईवरून सांगतात. तुझ्या आईचं नाव काय?”

परदेशात आल्यापासून हे मला कुणी विचारलंच नव्हतं. फॉर्मवर वडलांचं नाव असतं, नवऱ्याचं असतं. मी नाव सांगितलं. तिला पहिल्यांदा नीट म्हणता येईना, तिनं परत विचारलं, मी परत सांगितलं. मग ती मावशींच्या कानाशी वाकली आणि सावकाश, एकेक अक्षर जपत तिनं ते नाव घेतलं, आणि त्याच्या पुढं त्यांच्या भाषेतला एक शब्द लावला. त्याचा अर्थ मी विचारला नाही. “हिची लेक” असाच असणार.

मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि आई गेल्यावर जे रडायचं राहिलं होतं ते रडले.